पार्किंगमधली चाळीस मिनिटं

अजूनही कधी मध्यरात्री जाग आली की ती गाडी डोळ्यांसमोर येते. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये उभी, इंजिन चालू, दिवे बंद. शेजारी हे बसलेले, उजवा हात छातीवर. समोर पन्नास पावलांवर लाल अक्षरांतली 'इमर्जन्सी'ची पाटी. आणि मी स्टिअरिंग धरून मनातल्या मनात आकडे मांडतेय. चाळीस मिनिटं आम्ही तसे बसून होतो. २०२० चा मे महिना होता.

आम्ही न्यू जर्सीत, एडिसनला, १९९८ पासून. नागरिकत्व मिळूनही बरीच वर्षं झाली. ह्यांचा छापखाना बंद पडल्यावर ते ओक ट्री रोडवरच्या एका दुकानात अर्धवेळ जात. घराचा विमा माझ्या नोकरीचा. मी हाडांच्या डॉक्टरांच्या एका मोठ्या ग्रुपमध्ये बिलिंगला होते. चार ऑफिसं, साठेक माणसं. पगार तासाला अठरा डॉलर, म्हणजे फार नाही, पण विमा उत्तम. दर पगारवाढीच्या वेळी मालक डॉक्टर सांगायचे की यंदा वाढ थोडी आहे, पण विम्याचा हप्ता वाढलाय आणि तो आम्ही उचललाय. आम्ही माना डोलवायचो. तो विमा आमच्या न मिळालेल्या पगारवाढींवर उभा होता.

२०२० च्या जानेवारीत ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. मधुमेह होताच, इन्सुलिन चालू होतं. इथली पद्धत अशी, की वर्षाच्या सुरुवातीला ठरावीक रकमेपर्यंतचा खर्च आपण आपल्या खिशातून करायचा, त्याला डिडक्टिबल म्हणतात. त्यापुढे काही वाटा आपला, काही कंपनीचा. आणि वर्षभरात आपल्या खिशातून एक ठरावीक कमाल रक्कम गेली की मग ३१ डिसेंबरपर्यंत सगळं विमा कंपनी भरते. आमची ती कमाल रक्कम सहा हजार डॉलर होती आणि ती फेब्रुवारीतच संपली. क्रेडिट कार्डावर ओढले पैसे. तरी मी ह्यांना म्हटलं होतं, झालं ते झालं, आता वर्षभर एक पैसा लागणार नाही. तपासण्या, कार्डिॲक रिहॅब, इन्सुलिन, सगळं फुकट. रिहॅबच्या छत्तीस फेऱ्या ठरल्या होत्या. सहा झाल्या आणि कोरोनामुळे ते केंद्रच बंद झालं.

१५ मार्चचा रविवार. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागणाऱ्या बायडन आणि सँडर्स यांची वादसभा त्या रात्री प्रेक्षकांशिवाय झाली. आमची लेक घरीच होती. ती सँडर्स यांच्या बाजूची, सगळ्यांना सरकारी विमा हवा म्हणणारी. बायडन यांनी इटलीचं उदाहरण दिलं, की तिथे सगळ्यांना सरकारी व्यवस्था आहे, तरी तिथे काय चाललंय पाहा. मी लगेच म्हटलं, बरोबर आहे. मग आमची चांगलीच जुंपली. मी तिला माझ्या कामातलं सांगत होते. मेडिकेअर, म्हणजे पासष्टच्या वरच्यांचा सरकारी विमा, एका गुडघ्याचे किती देतं आणि खासगी कंपनी किती देते, हे मी रोज बघते. गरिबांसाठीचं मेडिकेड तर त्याहून कमी देतं, म्हणून आमचे डॉक्टर मेडिकेड घेतच नाहीत. सगळं सरकारी झालं तर ही ऑफिसं चालणार कशी? आणि मुख्य म्हणजे, माझा विमा चांगला आहे, तो मला सोडायचा नाही.

ती म्हणाली, "आई, तो विमा तुझा नाहीये. ऑफिसचा आहे."

मला राग आला. वीस वर्षं मी तिथे काम केलंय, असं काहीतरी मी बोलले.

२७ मार्चच्या संध्याकाळी पाच वाजल्यापासून राज्यपालांच्या आदेशाने न्यू जर्सीतल्या तातडीच्या नसलेल्या सगळ्या शस्त्रक्रिया थांबल्या. गुडघे, खुबे, खांदे, आमचं सगळं कामच ते. २४ एप्रिलला शुक्रवारी दुपारी फोन आला. अकरा जणांना काढलं होतं. ऑफिस मॅनेजर रडत होती, तिचा दोष नव्हता. ती म्हणाली, विमा महिनाअखेरपर्यंत आहे. महिनाअखेर सहा दिवसांवर होती.

त्या एका एप्रिलमध्ये अमेरिकेत २ कोटी ५ लाख नोकऱ्या गेल्या, बेकारी १४.७ टक्क्यांवर पोहोचली, हे सगळ्यांनी वाचलंय. पण त्यात १४ लाख नोकऱ्या आरोग्यसेवेतल्या होत्या. डॉक्टरांच्या ऑफिसांतल्याच २ लाख ४३ हजार. जगात साथ पसरलेली, लोक श्वासासाठी तडफडतायत आणि दवाखान्यात काम करणाऱ्या माणसांकडून दवाखान्यात जायची सोय काढून घेतली जातेय. हे ज्याने ठरवलं असा कोणी एक माणूस नाही, म्हणून राग कुणावर काढायचा तेही कळत नाही.

मग आलं कोब्राचं पत्र. कोब्रा ही १९८५ च्या एका लांबलचक नावाच्या कायद्याची आद्याक्षरं. नोकरी गेली तरी अठरा महिने तोच विमा चालू ठेवता येतो, पण आधी मालक भरायचा तो वाटाही आपण भरायचा आणि वर दोन टक्के. म्हणजे एकूण हप्त्याच्या १०२ टक्के. माझ्या पगारातून महिन्याला तीनशेच्या आसपास कापले जायचे. पत्रात आकडा होता १,६१२ डॉलर. मला बेकारभत्ता बसला आठवड्याला ४३२, आणि जुलैअखेरपर्यंत केंद्र सरकारचे वरचे ६००. घराचं भाडं १,७५०. मी ते पत्र दुमडून पुन्हा पाकिटात घातलं, पुन्हा काढलं.

आता जे सांगतेय ते नीट ऐका, कारण हे कुठल्या भाषणात कधी आलेलं मी ऐकलं नाही. दुसरा रस्ता होता ओबामांच्या २०१० च्या कायद्याने झालेल्या बाजारातून नवा विमा घ्यायचा. नोकरी गेलेल्याला साठ दिवसांत तो घेता येतो, सरकार हप्त्यात मदतही करतं. कोब्राच्या निम्म्याहून कमी पैशात होत होतं. पण विमा नवा, म्हणजे डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून. जानेवारी-फेब्रुवारीत आम्ही भरलेले सहा हजार डॉलर त्या नव्या कंपनीच्या लेखी भरलेलेच नाहीत. तेच शरीर, तेच हृदय, तोच स्टेंट, तेच वर्ष. पण कार्डावरचं नाव बदललं की पुन्हा पहिल्या पायरीवर. सहा हजार वाचवायचे तर महिना १,६१२ भरा, आठ महिन्यांचे जवळजवळ तेरा हजार होतात. नाही भरायचे, तर ते सहा हजार गेले समजा आणि पुन्हा तेवढेच काढून ठेवा. विजेच्या बिलाच्या पाठीवर मी ही गणितं तीन रात्री मांडली. तीन वेगवेगळी उत्तरं आली. वीस वर्षं दुसऱ्यांची बिलं सोडवणारी मी, माझ्याच घराचं मला सुटेना. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांचं काय झालं असेल?

घरात कुणी आजारी पडत नाही, तोवर हा हिशेब कळतच नाही. आणि आजारपण आलं की नोकरी टिकणं आधीच कठीण होतं. नोकरी जाते तेव्हाच विमा जातो आणि विमा जातो तेव्हाच तो लागतो. हे असं का बांधलं असावं, म्हणून मी त्या रिकाम्या दिवसांत वाचायला घेतलं. कुणी विचार करून बांधलेलंच नाही. १९४२ मध्ये युद्धामुळे पगार गोठवले, कारखान्यांना माणसं तर हवी होती, मग पगाराऐवजी विमा द्यायला लागले, कारण विमा त्या गोठवणीत धरला नाही. पुढे १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता करमुक्त ठेवला आणि ती युद्धकाळातली सोय कायमची झाली. मधे १९४५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सगळ्यांसाठी राष्ट्रीय विम्याचा प्रस्ताव मांडला होता, तो डॉक्टरांच्या संघटनेच्या विरोधामुळे बारगळला. त्या जुन्या मोटेवर अजून पाणी काढायचं चाललंय. २०२० मध्ये नोकरीतल्या कुटुंबाच्या विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २१,३४२ डॉलर होता, त्यातले कामगाराच्या पगारातून दिसतील असे जात ५,५८८. उरलेले दिसत नाहीत, म्हणून ते मालकाने दिल्यासारखे वाटतात. मलाही वाटत होते.

शेवटी त्या विम्याच्या बाजाराच्या वेबसाइटवर अर्ज भरला तर उत्तर आलं, तुमचं महिन्याचं उत्पन्न मेडिकेडमध्ये बसू शकतं. सरकारचे वरचे ६०० मेडिकेडसाठी धरायचे नाहीत असा नियम झाला होता. म्हणजे माझे आठवड्याचे ४३२, एवढंच उत्पन्न. आम्ही दोघं मेडिकेडमध्ये! त्या रात्री मी हे ह्यांना सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं. ते गप्प राहिले, मग म्हणाले, "कुणाला बोलू नकोस." आपल्या लोकांत हे असंच आहे. मंडळाच्या गणपतीला शंभर डॉलरची वर्गणी देणारी माणसं आम्ही. त्यात माझ्या नणंदेने फोन करून घाबरवलं, की मेडिकेड घेतलं तर ग्रीन कार्ड मिळत नाही. तिच्या बाबतीत भीती खोटी नव्हती, त्याच फेब्रुवारीत तसा नियम लागू झाला होता. आम्हा नागरिकांना तो लागू नव्हता. पण तिच्यासारख्या किती जणींनी त्या भीतीपायी अर्जच केला नसेल.

अर्ज ११ मेला गेला. आणि ती रात्र १९ मेची.

अकराच्या सुमारास ह्यांना छातीत जड वाटायला लागलं. घाम नव्हता. डाव्या हातात काही नव्हतं. जानेवारीतही घाम नव्हता. मी ९११ फिरवला नाही, कारण अँब्युलन्सचं बिल वेगळं येतं. गाडी काढली. रस्त्यावर चिटपाखरू नाही. हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये पोहोचलो आणि मी गाडी दाराशी न्यायच्या ऐवजी कडेच्या ओळीत लावली. का लावली? हे मी स्वतःला शेकडो वेळा विचारलंय.

मला तिथे काय दिसत होतं सांगते. बिलिंगवाल्यांना माणूस दिसत नाही, कोड दिसतात. ९९२८५, इमर्जन्सीतली सगळ्यात वरच्या पातळीची भेट. ९३००५, ईसीजी. ८४४८४, ट्रोपोनिनची रक्तचाचणी, आणि ती एकदा करून थांबत नाहीत, काही तासांनी पुन्हा करतात. छातीचा एक्सरे. रात्रभर निरीक्षणाखाली ठेवलं तर तासांवर पैसे. पुन्हा कॅथ लॅबमध्ये नेलं तर आकडाच बोलायला नको. नवरा शेजारी श्वास मोजतोय आणि मी त्याच्या कळीचं बिल लिहितेय.

आणि मला नियम सगळे ठाऊक होते! पैसे असोत नसोत, इमर्जन्सीत आलेल्याला तपासून स्थिर केल्याशिवाय परत पाठवता येत नाही, हा कायदा मला पाठ होता. तो त्याच कोब्राच्या कायद्यात घातलेला आहे. मेडिकेड मंजूर झालं तर मागच्या तीन महिन्यांपर्यंतची बिलंही त्यात जाऊ शकतात, हे माहीत होतं. कोब्रा साठ दिवसांत कधीही घेतला तरी तो मागच्या तारखेपासून लागू होतो, हेही माहीत होतं. म्हणजे कागदावर आम्ही उघडे पडलेलो नव्हतोच. तरी मी दार उघडलं नाही. पर्समध्ये चालू विम्याचं कार्ड नाही, एवढी एकच गोष्ट हाताला जाणवत होती.

हे मधेच म्हणाले, "आत कोरोनाचे पेशंट असतील गं. तुला आत येऊ देणार नाहीत." ते खरं होतं. अजूनही ते सगळ्यांना हेच कारण सांगतात, की आम्ही कोरोनाच्या भीतीने आत गेलो नाही. सांगू देत. मी पैशांसाठी थांबले होते.

चाळीस मिनिटांनी कळ ओसरली. घरी आलो. मी पहाटेपर्यंत त्यांच्या नाकाशी हात धरून बसले. सकाळी हृदयरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलणं झालं, त्यांनी मला झापलं आणि बरोबरच केलं. जूनमध्ये मेडिकेडचं कार्ड आल्यावर सगळ्या तपासण्या झाल्या. स्टेंट उत्तम होता. ती पित्ताची कळ होती. लोक म्हणतात, मग झालं की, सुटलात. मला सुटल्यासारखं वाटत नाही. पित्त आहे हे मला त्या रात्री ठाऊक नव्हतं.

१९८२ आठवतं अशा वेळी. आप्पा, म्हणजे माझे वडील, मुंबईत परळला कापडगिरणीत थ्रॉसल खात्यात होते. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी सोळा वर्षांची. त्यांचा खोकला जुना, कापसाचा. कामगार विम्याचं पुस्तक होतं, त्यावर औषधं मिळायची. पगार थांबला, वर्गणी थांबली, काही महिन्यांनी तिथल्या खिडकीवर सांगितलं, पुस्तक चालणार नाही. आई त्यांना घेऊन पालिकेच्या केईएम हॉस्पिटलला गेली. रांगेत उभी राहिली, केसपेपर काढला. कुठल्या गिरणीत होता, संपावर आहात का, हे कुणी विचारलं नाही. मी तिच्या मागे उभी होते. लेकीशी वाद घालताना मला ही खिडकी आणि ती रांग कशी आठवली नाही, याचं मला राहून राहून नवल वाटतं. अमेरिकेला येऊन मी ते सगळं मागे टाकलं होतं, रांगेसकट.

पण म्हणून मी लेकीच्या बाजूची झाले म्हणावं, तर तसंही नाही. मेडिकेडचं कार्ड हातात आल्यावर मी ह्यांच्या खांद्यासाठी हाडांचा डॉक्टर शोधायला बसले. सात ऑफिसांना फोन केले. पाच ठिकाणी तेच वाक्य ऐकलं, "सॉरी, आम्ही मेडिकेड घेत नाही." ते वाक्य मी वीस वर्षं दिवसातून दहादा बोललेली. त्याच सुरात, पुढच्या फोनची घाई असलेल्या. सहाव्या ठिकाणी पुढची वेळ तीन महिन्यांनंतरची. म्हणजे मी लेकीला जे सांगत होते ते खोटं नव्हतं. इन्सुलिन मात्र पहिल्या दिवसापासून मिळालं, काउंटरवरच्या मुलीने पिशवी दिली आणि किती झाले विचारल्यावर म्हणाली, काही नाही. मी दोनदा विचारलं.

२०२० च्या त्याच मे महिन्यात महाराष्ट्र सरकारने महात्मा फुले जन आरोग्य योजना सगळ्या नागरिकांना लागू केली. धाकट्या भावाने मोठ्या उत्साहाने फोन केला, "ताई, बघ, आपल्याकडे आता सगळ्यांना!" मग थोड्या वेळाने तोच म्हणाला, की त्याच्या मुलाची पुण्यातली नोकरी गेली आणि तिच्याबरोबर कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही, ज्यात भाऊ आणि वहिनी दोघंही होते. योजनेत कुठलं हॉस्पिटल आहे, कुठला आजार बसतो, ते आता शोधतोय. आयटीतली कितीतरी मुलं आईवडिलांचा वेगळा विमा काढत नाहीत, कंपनीचा आहे म्हणतात. त्यांना मी हात जोडून सांगते, काढा. साठीनंतर नवा काढायला गेलात तर हप्ता बघून डोळे पांढरे होतील.

आणि इथल्या आपल्या मुलामुलींना सांगते. नोकरीवरून काढल्याचा फोन आला की पहिला प्रश्न विम्याचा शेवटचा दिवस कोणता, हा विचारा. तो त्याच रात्री संपतो की महिनाअखेर, यावर फार काही अवलंबून असतं. त्या दिवसाआधी नव्वद दिवसांची औषधं भरून घ्या. कोब्राचं पत्र आकडा बघून फेकू नका, साठ दिवस ते तुमच्या हातात आहे. आणि मेडिकेडचा अर्ज त्याच आठवड्यात करा, लाज मागाहून वाटू दे. मी दोन आठवडे लाजेत घालवले.

पुढच्या वर्षी सरकारने एप्रिल ते सप्टेंबर २०२१ कोब्राचा सगळा हप्ता भरला. चांगलंच केलं. पण मला वाईट वाटलं ते असं, की तोच महागडा हप्ता सरकारी तिजोरीतून त्याच विमा कंपन्यांना गेला. ज्याची नोकरी गेली त्याला साधं एक कार्ड देऊन टाकणं सोपं नव्हतं का? आमच्या मेडिकेडला मात्र साथ संपेपर्यंत कुणाला वगळायचं नाही असा नियम झाला होता. त्यामुळे मधल्या दीड वर्षात कुणी उत्पन्नाची कागदपत्रं मागितली नाहीत. इतकी वर्षं इथे काढल्यावर त्या दीड वर्षात प्रथमच मी विम्याचा विचार न करता झोपले.

ऑक्टोबर २०२१ मध्ये मला दुसऱ्या ऑफिसात नोकरी लागली. पहिल्या दिवशी विम्याचे कागद दिले. मी ते गाडीत बसून वाचले. डिडक्टिबल जुन्यापेक्षा जास्त. तरी कार्ड घरी आलं तेव्हा मी त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून ह्यांना पाठवला आणि मला हायसं वाटलं. खूप हायसं वाटलं. मेडिकेडने जी झोप दिली ती विसरून.

गेल्या वर्षी लेकीचा फोन आला. तिला नोकरी सोडून मैत्रिणीबरोबर स्वतःचं काहीतरी सुरू करायचं होतं, सहा महिने ठरवत होती. पुरं ऐकायच्या आत माझ्या तोंडून निघालं, "आधी विम्याचं काय ते बघ. नाहीतर सोडू नकोस."

ती पलीकडे काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बाबा कसे आहेत?"

तिने अजून नोकरी सोडलेली नाही.